दोन जाळ्यांमधला कचरा

सोमवार, ३ फेब्रुवारी

कॉलेज सुटल्यापासून दैनंदिनी लिहिली नव्हती. मनात आलं की बोलून टाकायची मला सवय. वहीची गरज पडली नाही. आता एक गोष्ट अशी आहे की ती बोलले तर माझीच शोभा होईल. म्हणून ही वही.

आमचं अवजड ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे, एकतीस वर्षांचं. मी फिजिक्सची पदवीधर. हे सातवीनंतर शाळेतून निघाले ते थेट गाडीखाली. कंपन्यांची मॅन्युअलं जाडजूड आणि इंग्रजीत. ती मी वाचते. इंजिनाला हात हे लावतात. अडलेल्या गाडीपाशी उभे राहून हे विचारायचे, "पुस्तक काय म्हणतं?" मी सांगायचे आणि उलट विचारायचे, "हात काय म्हणतो?" दोघांचं जुळलं की गाडी सुटायची. लेक म्हणते, तुम्ही दोघं दुसरं काही बोलताच कुठे?

डिसेंबरात ह्यांनी मला न विचारता एक मिस्त्रीण ठेवली. चाळिशीची. खाणीवरच्या डंपरांच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं काढून आलेली. मी तिला डंपरवाली म्हणते. तोंडावर नाही. ती मला ताई म्हणते, कुणी सांगितलं होतं कोण जाणे. ह्यांना उस्ताद म्हणते.

तीन महिने बघू, असं ठरलं होतं. फेब्रुवारीअखेर मुदत संपते. माणसं ठेवणं-काढणं आमच्यात माझ्याकडे आहे. माझा निर्णय झालेला आहे. कारणं तेवढी जमवायची आहेत.

"पुस्तक काय म्हणतं" हे वाक्य डिसेंबरापासून मी ऐकलेलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुपारी दोघं "पार्ट बघायला" गेले. गेल्या गुरुवारीही गेले होते. तीन तासांनी आले. पार्ट एकही आला नाही.

मागच्या गल्लीतल्या लेथवाल्याची दोन बोटं मशीनमध्ये गेली. जेवताना तोच विषय निघाला. मी म्हटलं, "हात गेला की मिस्त्री संपला. आता दारात खुर्ची टाकून बसेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देईल. असली माणसं मला बघवत नाहीत." ह्यांनी चमचा ताटात ठेवला. हल्ली चमच्याने जेवतात. डंपरवाली डब्यात चमचा आणते, तेव्हापासून.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ह्यांनी टी-शर्ट आणले. एक नाही, चार. एकसष्टाव्या वर्षी. त्यातला एक पोपटी आहे. आधीचे सगळे शर्ट घडी करून कपाटाच्या खालच्या कप्प्यात, माझ्या जुन्या पर्सच्या शेजारी. नाडीचे बूट गेले, सरकवायचे आले.

लेकीला फोन केला.

"आई, बाबांनी टी-शर्ट घेतले ही तक्रार आहे?"

"तक्रार नाही. सांगते आहे फक्त."

"तुझ्या पोटात दुखतंय."

"माझं पोट उत्तम आहे. तुझ्या बाबांच्या तळहाताला मोठा फोड आलाय. विचारलं तर म्हणतात, कधी आला कळलंच नाही. भाजल्याचं माणसाला कळत नाही? खोटं बोलायचं तर जरा बरं बोलावं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"फोडासाठी?"

 त्यावर लेक म्हणाली, जावयांना चहा हवाय. ही तिची फोन ठेवायची नेहमीची पद्धत. जावई चहा पीत नाहीत.

सोमवार, १० फेब्रुवारी

फौजी आला. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्याने एकच ट्रेलर घेतला, स्वतः चालवतो. एरवी ताठ माणूस. आज चेहरा उतरलेला. गाडी रिकामी कितीही पळवा, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. माल भरून चढाला लागलं की निम्म्यावर काटा तांबड्यात. शनिवारपासून धरणाच्या कामावर लोखंडी पाइप चढवायचे आहेत. गाडी चढली नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार.

"वहिनी, पाणी रोज सकाळी बघतो मी. मग तापते कशी?"

मी समजावायला घेतलं. डिझेल जळून होणाऱ्या उष्णतेतली जेमतेम चाळीस टक्के चाकांच्या कामी येते. बाकीच्यातली बरीचशी धुराबरोबर जाते, आणि राहिलेली पाण्याने वाहून न्यावी लागते. त्या पाण्यात कूलंट घातलेलं असतं. पंप ते पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरवतो. तापलेलं पाणी वरच्या रबरी होजने रेडिएटरमध्ये जातं, बारीक नळ्यांमधून उतरताना पंख्याचा वारा त्याची उष्णता घेतो, आणि निवलेलं पाणी खालच्या होजने पंपाकडे परत येतं. झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून शंभर अंशांवरही ते उकळत नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? फौजी मान हलवत होता, पण नजर शून्यात.

डंपरवाली पलीकडे नटबोल्ट धूत बसली होती. तिथूनच म्हणाली, "फौजीभाऊ, इंजिन म्हणजे घर समजा आणि पाणी म्हणजे पोरं. थर्मोस्टॅट हा दारावरचा राखणदार. सकाळच्या गारठ्यात तो पोरांना अंगणात सोडत नाही. घरातल्या घरात खेळा म्हणतो. म्हणजे घर लवकर तापतं. पोरं घामाघूम झाली की अंगणाचं दार उघडतो. अंगण म्हणजे रेडिएटर. पण हुशारी पुढेच आहे. अंगणाचं दार उघडताना तो आतलं दार लावून घेतो. नाहीतर निम्मी पोरं अंगणात जायचीच नाहीत, आतल्या आतच पळत बसतील."

"आता कळलं बघा!" फौजी म्हणाला.

आणि हे हसले. पूर्वी माझ्याकडे बघून हसायचे तसे. "राखणदार! तीस वर्षांत असं कुणी सांगितलं नाही."

तीस वर्षं कोण सांगत होतं?

पोरं म्हणे. मॅन्युअलमध्ये पोरं नाहीत. पान एक्केचाळीसवर बायपास नावाचा आखूड पाइप आहे, आणि तो समजायला पोरं लागत नाहीत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

फौजीच्या गाडीची तपासणी. पंप ठीक. झाकण ठीक. पंखा पूर्ण फिरतो. रेडिएटर बाहेरून धुतलेला, चकचकीत. मग केबिन पुढे कलवून इंजिन तापवलं.

आता हे जे घडलं ते मी जसंच्या तसं लिहिते. एकतीस वर्षं हा माणूस डोळे मिटून होजवर तळवा ठेवायचा आणि पाच अंशांचा फरक सांगायचा. लोक बघायला थांबायचे. आज दोन्ही हात खिशात. आणि तिला विचारतात, "वरचा?"

"चांगलाच तापलाय, उस्ताद."

"खालचा?"

"तोही. फार फरक नाही."

"बोट किती वेळ टिकतं?"

"तीन मोजेपर्यंत."

"हं."

तिच्या बोटांवर इतका विश्वास! मी हातात मॅन्युअल घेऊन दोन पावलांवर उभी होते. माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही.

तिने टॉर्च लावली. मोठ्या ट्रकमध्ये रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो, इंजिनात जाणारी हवा थंड करायला. म्हणजे एकापुढे एक अशा दोन जाळ्या. तिचं म्हणणं असं: "पाणी व्यवस्थित फिरतंय, पण रेडिएटरमधून निवून येत नाहीये. म्हणजे वारा पोचत नाही. दोन्ही जाळ्या बाहेरून स्वच्छ आहेत. मधे कचरा बसलाय. जाळ्या वेगळ्या कराव्या लागतील. दोन दिवस."

फौजी म्हणाला, "शुक्रवारी माल भरायचाय हो."

मी म्हटलं, "थर्मोस्टॅट काढून टाका. अर्ध्या तासाचं काम. पाण्याच्या वाटेतला अडथळा गेला की प्रवाह वाढेल. साधं फिजिक्स आहे."

"या इंजिनात चालायचं नाही, ताई. राखणदार गेला की आतलं दार—"

"पोरांची गोष्ट सोमवारी ऐकली मी."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. पूर्वी अशा वेळी हे स्वतः हात लावून भांडण मिटवायचे. आज खिशातून हात निघाले नाहीत. "बघू उद्या," म्हणाले.

माझी बाजू घेतली नाही. तिचीही उघड घेतली नाही. उघड कशाला घेतील?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुपारी पुन्हा दोघं पार्टला.

ह्यांच्या पिशवीत मळका रुमाल शोधताना एक चिठोरी सापडली. "टोकन २७. वेळ २.३०." सिनेमाचं तिकीट नाही, एवढं मला कळतं. पण कुठल्या पार्टच्या दुकानात टोकन घेऊन बसवतात? आणि गॅरेजातलं कुणी विचारलं तर हे जुन्या बाजारात गेलेत असं सांगायला सांगून जातात. मी तरुण असते तर मागोमाग गेले असते. सत्तावन्नाव्या वर्षी झाडाआड उभं राहणं मला जमणार नाही. माझा एक गुडघाही दुखतो.

त्याऐवजी मी दोघा कामगारांना बोलावलं आणि फौजीच्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून घेतला. एक जण म्हणाला, "उस्तादांना विचारायचं का?" मी म्हटलं, "उस्ताद बाजारात आहेत." अठ्ठावीस मिनिटं लागली. थर्मोस्टॅट माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मॅन्युअल उघडलं नाही. उघडायची गरज नव्हती. साधं फिजिक्स आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

विजय. आवारात इंजिन अर्धा तास चालवलं. काटा निम्म्याच्याही खाली. दर पाच मिनिटांनी मी सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा वाचत होते.

ह्यांना सकाळीच कळलं. "काढायला नको होता," एवढंच.

"कारण सांगा."

"ती म्हणते की—"

"ती म्हणते! तुमचा हात काय म्हणतो ते सांगा. अडीच महिने झाले, हाताने एक अक्षर काढलेलं नाही. की हातही आता तिचंच ऐकतो?"

कामगार होते. फौजी होता. ती होती. मला आवाज खाली ठेवता आला असता. ठेवला नाही.

ह्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी तोंडात मारलंय. मग म्हणाले, "उद्या चढावर बघू. मी येतो."

"मीही येणार."

डंपरवाली पटकन म्हणाली, "उस्ताद, मी येते बरोबर. मला यायलाच हवं."

"केबिनमध्ये तिघांचीच जागा आहे," मी म्हटलं. "तू गॅरेज सांभाळ."

तिने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी हळूच मान हलवली. काय ते मान हलवणं! नवऱ्याने आपल्याकडे बघून मान हलवणं आणि आपल्यासमोर दुसरीकडे बघून मान हलवणं, या दोन्हींत काय फरक आहे ते मला कुणी शिकवायला नको.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी आठला निघालो. फौजी गाडीवर, मी मधे, हे खिडकीशी. मागे पाइपांचा पूर्ण माल. सपाटीवर काटा शहाण्यासारखा. मी काही बोलले नाही, पण गुणगुणत असावे, कारण फौजी म्हणाला, "वहिनी आज खुशीत."

चढ लागला. तिसरा गियर, मग दुसरा. पहिल्या वळणाला काटा निम्म्यावर. दुसऱ्याला पाऊण. मी म्हटलं, एवढं होणारच. तिसऱ्या वळणाआधीच तो तांबड्याला टेकला आणि घंटी वाजायला लागली. पूर्वी निम्मा चढ तरी जायची गाडी. आता पाव चढही नाही.

फौजीने कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही. तापलेलं इंजिन एकदम बंद करायचं नसतं. चाकांना दगड लावले, केबिन पुढे कलवली. इंजिन संथ चालत होतं. पाण्याचा गोडसर वास येत होता.

मॅन्युअल माझ्याजवळ होतं. आणि मग अडीच महिन्यांनी ते वाक्य आलं.

"पुस्तक काय म्हणतं?"

मी खरं लिहिते, कारण इथे खोटं लिहायचं तर वही कशाला. गाडी उकळत होती, फौजीचं काम बुडत होतं, आणि मला आनंद झाला. ती नव्हती. आम्ही दोघं होतो. इंजिन होतं. मी पान एक्केचाळीस काढलं आणि मोठ्याने वाचलं. थर्मोस्टॅट उघडताना त्याची खालची चकती बायपासचं तोंड बंद करते. म्हणून इंजिन तापल्यावर बायपासचा पाइप मुख्य होजपेक्षा गारच हवा. तो तापलेला असेल तर पाणी रेडिएटरला न जाता आखूड वाटेने इंजिनात परत फिरतंय.

खाली चौकट होती: थर्मोस्टॅट काढून गाडी चालवू नये. तिच्याखाली पेन्सिलीची रेघ. रेघ माझीच. केव्हाची तरी.

चौकट मोठ्याने वाचली नाही. मी विचारलं, "हात काय म्हणतो?"

ह्यांनी उजवा तळवा बायपासच्या पाइपवर ठेवला. तो लोखंडी आहे, रबरी नाही. डोळे मिटले. अगदी पूर्वीसारखे. कपाळावर तीच आठी. मी बघत राहिले.

"कोमट आहे," म्हणाले. "पुस्तकात आहे तसंच. तुझं बरोबर असणार."

आणि हात तिथेच ठेवला.

मी एक, दोन, तीन मोजलं असेन. का मोजलं कोण जाणे. फौजी ओरडला, "दादा! हात!" तोवर मला वास आला. तो पाण्याचा नव्हता. मी मनगट धरून ओढलं. माझी बोटं पाइपला नुसती चाटून गेली तर डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांच्या तळव्याची कातडी पाइपला राहिली होती. आणि हे माझ्याकडे बघत होते, काय झालं म्हणून.

"लागलं नाही?" मी विचारलं.

ह्यांनी डावा हात पुढे केला, शाळेत मास्तरांपुढे करतात तसा. "हाही असाच आहे," म्हणाले.

रविवार, १६ फेब्रुवारी

पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरने विचारलं, नसांवरचे उपचार कुठे चालू आहेत. ह्यांनी पाकिटातून कागद काढला. दर गुरुवारी, दुपारी अडीच. टोकन.

दोन्ही मनगटांत नस दबली आहे. तीस वर्षं नट सोडवायची एअर गन धरून हातांना जे हादरे बसले त्याने. ऑक्टोबरात मुंग्या यायला लागल्या, नोव्हेंबरात बोटं बधिर झाली. डिसेंबरात ती आली. म्हणजे आणली. गुरुवारी बरोबर तिला नेत होते, कारण आत गेल्यावर फॉर्म लिहायचा असतो आणि पेन धरवत नाही. छोटं ऑपरेशन आहे. डाव्याला बऱ्यापैकी फरक पडेल. उजव्याचं आता जखम भरल्यावर.

"टी-शर्ट?" मी विचारलं.

"बटणं लागेनात."

"चमचा?"

"घास सुटायचा."

"आणि पोपटी रंग?"

"तो मला आवडला."

"मला का नाही सांगितलंत?"

 "तू मॅन्युअल उघडलं असतंस," म्हणाले. "आणि मग मी सुटा भाग झालो असतो."

 मी चहा ठेवायला उठले.

संध्याकाळी वही मागे उलटून वाचली. ६ तारीख. त्या दिवशी जेवताना हे माझ्या शेजारीच बसले होते.

त्या पानाबद्दल इथे आणखी काही लिहीत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

थर्मोस्टॅट खणातून काढला आणि सगळ्यांसमोर डंपरवालीच्या हातात दिला. "चूक माझी. बसव. आणि जाळ्या वेगळ्या कर."

ती "हो ताई" म्हणाली. वर एक शब्द नाही. मी तिच्या जागी असते तर निदान चार शब्द बोलले असते.

फौजीला सकाळीच फोन केला होता. धरणाच्या साहेबांशी मी स्वतः बोलले. आठवडाभर थांबायला तयार झाले. माझ्याशी बोलणारी माणसं सहसा तयार होतात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

इंटरकूलर पुढे ओढला. दोन्ही जाळ्या बाहेरून आरशासारख्या. मधे बोटभर जाडीचा थर: धूळ, तेल, वाळलेलं गवत, पिसं, किडे, सगळं दाबून दाबून चटईसारखं झालेलं. उचललं तर अख्खा तुकडा हातात आला. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"वारा कुठून जाणार?" फौजी म्हणाला.

"गेले कित्येक महिने साठत असेल," डंपरवाली म्हणाली. "बाहेरून धुतलं की वाटतं सगळं स्वच्छ आहे."

हे खुर्चीवर बसून बघत होते. दारातल्या नव्हे, इंजिनापाशी ठेवलेल्या खुर्चीवर. ती मीच तिथे ठेवली. उजव्या हाताला पांढरी पट्टी, अंगात पोपटी टी-शर्ट. लांबून पोपटच दिसत होते.

मी तो तुकडा पाटीत टाकून स्वतः नेऊन फेकला. गुडघा दुखला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पुन्हा चढ. केबिनमध्ये फौजी, हे, डंपरवाली. मी मागून पंक्चरवाल्याच्या स्कूटरवर बसून गेले. हे लेकीला कळता कामा नये.

चढाच्या माथ्यावर गाडी थांबवली. काटा निम्म्यापासून केसभर वर, बस. केबिन कलवली.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "पुस्तक काय म्हणतं?"

मी सांगितलं. मग डंपरवालीने सवयीने हात पुढे केला. मी म्हटलं, "थांब."

वरच्या होजवर मी बोट ठेवलं. चटका बसला, पण एक मोजेपर्यंत ठेवलं. खालचा बराच निवलेला. बायपासला नुसतं टेकवून बघितलं. आणखी गार.

"वरचा दोन मोजवत नाही," मी म्हटलं. "खालचा सात-आठ."

"वरचा किती अंश असेल?" ह्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?"

"नव्वदच्या आसपास," डंपरवाली म्हणाली. "ताई, पूर्ण तळवा नका ठेवू. बोटांची मागची बाजू लावा, ती लवकर सांगते."

लावली. खरंच सांगते. एकतीस वर्षं मी दोन पावलांवर उभी होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. तिला तीन महिन्यांत कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. तो ह्यांचा हात आहे हे मला बघताक्षणी कळलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मुदतीचा शेवटचा दिवस. डंपरवालीला ऑफिसात बोलावलं.

"तुला कायम करते आहे. कारणं तीन. एक, जाळ्यांचं निदान बरोबर होतं. दोन, तुला मॅन्युअल वाचायला मी शिकवणार आहे, म्हणजे पोरं-राखणदार बंद. तीन, उस्तादांच्या ऑपरेशननंतर तीन महिने माणूस लागणारच. यात मेहरबानी काही नाही."

"पोरं तेवढी राहू देत, ताई. फौजीभाऊंना आवडतात."

"बघू. आणि गुरुवारी हॉस्पिटलात ह्यांच्याबरोबर मी जाणार. तू नाही. त्यावर चर्चा नको."

ती हसली. "हेच तर पहिल्या गुरुवारपासून उस्तादांना सांगत होते मी. ताईंना घेऊन जा. ऐकतच नव्हते."

म्हणजे हेही तिला आधीच माहीत होतं. या बाईला सगळं माझ्या आधी कसं कळतं, हे मला एकदा शोधून काढायचं आहे.

सकाळची गोष्ट लिहायची राहिली. शर्ट खालच्या कप्प्यातून वर आणले. चारांतले तीन टी-शर्ट गॅरेजात फडकी म्हणून दिले. पोपटी ठेवला. ह्यांना आरशापुढे उभं केलं आणि निळा शर्ट चढवला. बटणं सहा. तिसऱ्या बटणाला हे म्हणाले, "ती म्हणते, टी-शर्टात मी दहा वर्षांनी लहान दिसतो."

मी डाव्या हाताच्या बोटाला करकचून चिमटा काढला.

"लागला?"

"नाही."

मग दंडाला काढला.

"आई गं! अगं, काय हे!"

म्हणजे दंडापर्यंत ठीक आहे. गुरुवारी डॉक्टरांना सांगायचं. उरलेली तीन बटणं लावली.